करवंदवाडीची मोजणी

एका तालुक्याच्या गावी रघुवीर टिपणीस नावाचे एक प्राध्यापक राहत होते. जनगणनेची आणि पाहण्यांची आकडेवारी कशी वाचावी, समाजाच्या अभ्यासात ती कशी वापरावी, हे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कॉलेजात कार्यशाळा घेत. लांबलांबची मुलं येत. पहिल्याच दिवशी सर त्यांना सांगत, "आकडा हातात आला की आधी त्यालाच विचारा. बाबा रे, तुला कोणी मोजलं? कधी मोजलं? आणि मोजणारा दारात आला तेव्हा घरात कोण नव्हतं?" मुलं हसायची, पण लिहून घ्यायची.

एका वर्षी तालुक्याच्या साहेबांनी सरांना बोलावून घेतलं. डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांना नळाचं पाणी द्यायचं होतं. पण सगळ्यांना पुरेल एवढा निधी नव्हता. कोणती वस्ती आधी घ्यायची, हे कार्यशाळेने आकडेवारीवरून ठरवून द्यावं, असं साहेब म्हणाले. समारोपाला मंत्री येणार होते. त्यांच्या हस्ते निवड जाहीर होणार होती.

सर हरखून गेले. आजवर त्यांचे अहवाल कपाटात पडून राहिले होते. पहिल्यांदाच त्यातून पाणी वाहणार होतं.

मुलं कामाला लागली. माणसं जास्त त्या वस्त्या वर घ्यायच्या, कमी त्या खाली, असं ठरलं. करवंदवाडी अगदी तळाला गेली. ही आदिवासींची वाडी डोंगराच्या खांद्यावर होती. कागदावर तिथे मोजकी म्हातारी माणसं होती, मूल एकही नव्हतं.

कार्यशाळेत सुगंधा हिलम नावाची एक मुलगी होती. तिची थोरली बहीण ठमी करवंदवाडीत दिली होती. समारोपाच्या आदल्या दिवशी सुगंधा सरांजवळ आली.

"सर, करवंदवाडीचा आकडा खरा नाही. मोजणी झाली माघात. आमची माणसं दिवाळी झाली की पोरंबाळं घेऊन वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. माघात वाडीला निम्म्याहून जास्त दारांना कड्या असतात."

सरांना हे नवीन नव्हतं. मूल नसलेल्या त्या वाडीवर त्यांची नजर आधीच अडखळली होती. त्यांनी मोजणीचा महिना पाहिला होता, आणि पान उलटलं होतं. कारण एक वाडी दुरुस्त करायची म्हणजे सगळा डोंगरपट्टा पुन्हा तपासावा लागला असता. भट्टीवर जाणारी माणसं काय एकाच वाडीत असतात? मग समारंभ पुढे ढकलावा लागला असता. साहेबांपुढे सरांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"तुझ्या बहिणीची वाडी आहे म्हणून तुला तसं वाटतं, सुगंधा," सर म्हणाले. "अभ्यासात आपलं-परकं आणायचं नसतं. जे मोजलंय, त्यावरच बोलायचं."

"पण सर, पहिल्या दिवशी तुम्हीच तर म्हणालात…"

"ते शिकवण्यापुरतं असतं."

 सुगंधा जागेवर जाऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही.

समारोप थाटात झाला. सरांनी निवडीच्या यादीवर सही केली, त्यांना शाल मिळाली. वर्षभरात नळ आले. करवंदवाडीच्या पायथ्याशी असलेल्या गावापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी वाडीची माणसं भट्टीवरून घरी आली. प्यायला ओढ्याकाठचं डबकं तेवढं होतं. पहिल्या सरींबरोबर त्यात डोंगरावरची सगळी घाण उतरली. वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. चिखलात वाट बुजली होती. डॉक्टर वर पोचेपर्यंत काही मुलं गेली. त्यात ठमीची धाकटी होती.

सरांनी ती बातमी पेपरात वाचली. चहा तसाच टाकून ते साहेबांकडे गेले.

"साहेब, आकडा चुकला होता. मला तेव्हाच माहीत होतं. करवंदवाडीला पाणी द्या."

 साहेब म्हणाले, "पैसे संपले, सर. पाइप पडले. आता पुढची योजना येईल तेव्हा बघू. आणि माहीत होतं, तर सही का केलीत? आम्ही तुमच्या भरवशावर होतो."

सर उठले. त्यांनी सुगंधाला निरोप धाडला. ती आली नाही. दुसऱ्यांदा धाडला. निरोप घेऊन गेलेला माणूस परत येऊन म्हणाला, "ती म्हणते, मला आता शिकायचं नाही."

माघ आला, तेव्हा सर स्वतः भट्टीवर गेले. निदान पुढच्या योजनेत वाडी सुटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. भट्ट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता. पेंढ्याच्या खोपींपाशी बसून ते एकेका घराची माणसं लिहून घेऊ लागले. लिहिता लिहिता ठमीच्या खोपीशी आले. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. नावावरून सरांना कळलं, ही सुगंधाची बहीण, पण ओळख द्यायचा धीर त्यांना झाला नाही.

"घरात माणसं किती, बाई?"

ठमीचे हात मातीने भरले होते. ती एकेकाचं नाव सांगत गेली. सासू, नवरा, थोरला मुलगा. मग थांबली.

"धाकटीला पण धरायचं का, दादा?" तिने विचारलं. "पावसात गेली ती. आधी कुणी लिहिलीच नव्हती."

सरांना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. तेवढ्यात मुकादमाने हाक मारली. ठमी पदराला हात पुसत विटा उचलायला निघून गेली. 

तात्पर्य: आपला आकडा अपुरा आहे हे कळूनही जो मानापायी गप्प बसतो, त्याची विद्या दुबळ्यांच्या जिवावर उठते, आणि मागाहून दिलेल्या कबुलीने गेलेला जीव परत येत नाही.