घागर, कळशी आणि शेरभर काढा

फार जुन्या काळी रानात एक अस्वल वैद्यकी करत असे. त्याच्याकडे चार शेरांची घागर होती आणि तीन शेरांची कळशी. "मी तुझ्याहून शेरभर मोठी," असं घागर उठताबसता ऐकवायची. कळशीने तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

एकदा हत्तीण विष भिनलेलं पिल्लू घेऊन आली. काढा एकच शेर पाजायचा होता. कमी पडला तर विष उतरलं नसतं, जास्त झाला तर काढ्यानेच पिल्लू गेलं असतं. आणि शेराचं माप नेमकं माकडाने पळवलेलं!

"वैद्यबुवा, डोळे मिटतंय हो ते!" हत्तीण कळवळली. अस्वलाला घाम फुटला.

"मला काठोकाठ भरा आणि कळशीत ओता," घागर घाईने म्हणाली.

"हिचं उष्टं मी घेणार नाही," कळशी फणकारली.

तेवढ्यात पिल्लाची सोंड लुळी पडली. "ओता, ओता लवकर!" कळशीच ओरडली.

कळशी काठोकाठ भरली. घागरीच्या तळाशी एक शेर उरला. अस्वलाने तो पिल्लाच्या घशात ओतला. सोंड हलेपर्यंत कोणाच्या जिवात जीव नव्हता.

ज्या एका शेरावरून दोघींचं बिनसलं होतं, तोच शेर आता पिल्लाच्या पोटात होता.