मोहोरेला आलेले मोड

एका राज्यात एक रीत होती, आणि पुढचा सगळा घोळ त्या रीतीनेच घातला. राजघराण्यातल्या लेकराने नाण्याला हात लावायचा नाही, अशी ती रीत. हात मळतात म्हणे. राजा हेमांगद याच रीतीत वाढला. पंचेचाळीस वर्षांचा झाला तरी मेथीची जुडी कितीला मिळते हे त्याला ठाऊक नव्हतं. काही हवं झालं की तो बोट दाखवी आणि कोठारातली पेटी उघडे.

पेटी साधी नव्हती. धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकाला हरवून हेमांगदाच्या आजोबांनी ती आणली, तेव्हा मांत्रिक जाता जाता म्हणाला होता, "ही रिती होत आली की तुमच्या घरातलं लेकरू दगडाचं होऊ लागेल." पेटीवर एक बोलकी साळुंकी बसे. हेमांगद गादीवर आला त्या दिवशी तिने त्याला हटकलं, "राजा, तळ किती खोल आहे ते बघून ठेव." राजा हसला. एवढ्या पेटीला तळ कसला?

मग एका सकाळी त्याची नऊ वर्षांची लेक मेखला अंथरुणातूनच म्हणाली, "बाबा, माझी पावलं उचलत नाहीत." त्याने पांघरूण काढलं. पावलं काळ्या पाषाणाची झाली होती. तो धावत कोठारात गेला. पेटीत तीन मोहोरा उरल्या होत्या.

"आता गं?" राजाने विचारलं.

"आता तीन कामं," साळुंकी म्हणाली. "एका मोहोरेला एक. मुकुट, दागिने इथे ठेव आणि पायी जा. एक जरी काम साधलं तरी शाप उतरेल. पहिलं काम. लेकीला आज पुरेल एवढी भाजी आण."

बाजारात चिमाक्का भाजी विकत होती. राजाच्याच वयाची, तोंडाने खमकी. राजाने जुडी उचलली आणि मोहोर पुढे केली.

"अगं बाई! दादा, दोन कवड्यांची जुडी आणि मोहोर काढता? हिची मोड कुठून देऊ मी?"

"मोड म्हणजे?"

"सुटे हो, सुटे! कुठल्या गावचे तुम्ही? तिकडे अडत्याकडे जा, तो देईल."

अडत्याने राजाचा गोंधळलेला चेहरा एकदाच पाहिला आणि मोहोर ठेवून घेतली. दुपारपर्यंत वाड्यापुढे बारा गाड्या भाजी उभी राहिली.

"पुरेल एवढी म्हटलं होतं," साळुंकी म्हणाली. मेखला गुडघ्यापर्यंत दगड झाली.

"दुसरं काम. ही मोहोर उद्या सकाळपर्यंत जवळ ठेव."

हे तर अगदी सोपं वाटलं. पण बाजारावरून जाताना सोनाराचं दुकान लागलं. "आजच्या दिवसच हा भाव," सोनार म्हणाला, आणि राजाला लेकीचा उतरलेला चेहरा आठवला. त्याने घुंगरांचे पैंजण घेतले. घरी येऊन तिच्यापुढे धरले, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, घालायचे कुठे?

मेखला हसली. "छान आहेत बाबा," ती म्हणाली. दगड तोवर कमरेपर्यंत चढला होता.

"शेवटची मोहोर," साळुंकी म्हणाली. "हिला मोड आणून दाखव. सूर्य मावळेपर्यंत मुदत."

मोड! हा शब्द तर राजा बाजारात शिकून आला होता. तो थेट सराफाकडे गेला, थैलीभर सुटी नाणी घेतली आणि खुळखुळवत परतला.

साळुंकीने थैलीकडे पाहिलं. "राजा, मी मोड आणायला सांगितले. तू मोडून आणलीस. मटकीला येतात ना, ते मोड."

राजाने मटकी फक्त वाटीत पाहिली होती. तो खोलीकडे धावला. लेकीचा चेहरा आणि उजवा तळवा, एवढंच मऊ उरलं होतं.

मोहोर परत मिळवायला थैली घेऊन तो सराफाकडे गेला. सराफाने मोजलं. "पाच कवड्या कमी आहेत."

"तूच तर दिलीस!"

"मोड देण्याचा माझा बट्टा कापून दिली, दादा. उघडून बघायची होती."

अंगावर एक मणीही नव्हता. राजा चिमाक्कापुढे जाऊन उभा राहिला. "काही काम देतेस का? पाच कवड्यांचं?"

"या टोपल्या घरी पोचवा," ती म्हणाली. "आणि भाजी दाबू नका."

जन्मात पहिल्यांदा त्याने कमाई केली. टोपल्या तिच्या परसात उतरवल्या आणि तो जागीच थबकला. विहिरीपाशी एक झाड उभं होतं. त्याला शेंगा लागल्या होत्या आणि शेंगांत मोहोरा होत्या.

"हे कुणाचं?"

"माझंच. नऊ वर्षांची होते तेव्हा आजाने एक मोहोर हातात दिली. मुठीत धरली, मोड आले, पुरली. तीस वर्षं शेंग नाही धरली हो. सगळे हसायचे. मी काही उकरून बघितलं नाही."

"मीही लावतो."

चिमाक्काने त्याच्या पिकल्या मिशांकडे पाहिलं. तिचा आवाज मवाळ झाला. "लावा की, दादा. पण मोठ्यांच्या मुठीत मोड यायला वर्ष जातं. मूठ सारखी उघडते ना आपली. लेकराच्या मुठीत घटकेत येतात."

सराफाला कवड्या देऊन राजाने मोहोर परत घेतली. वाटभर मूठ आवळून पाहिली. मोहोर थंडगार ती थंडगारच. छत्तीस वर्षं, त्याच्या मनात येत राहिलं. चिमाक्काने पुरली तेव्हा मीही नऊच वर्षांचा होतो, आणि माझ्या घरात तर पेटी भरलेली होती.

त्याने मोहोर लेकीच्या तळव्यावर ठेवली.

"ही काय आहे, बाबा?" नऊ वर्षांत तिने मोहोर पाहिलीच नव्हती.

"हिला मोहोर म्हणतात. हिचं काहीही घेता येतं."

"बाहुली?"

"बाहुलीसुद्धा."

"पण माझा हात मळेल ना?"

"मळू दे." राजा म्हणाला. "घेतलीस तर बाहुली येईल आणि मोहोर जाईल. धरून ठेवलीस तर आज काहीच मिळणार नाही. तू ठरव. मी सांगितलं तर ते तुझं होणार नाही."

मेखला विचारात पडली. उन्हं भिंतीवरून सरकत होती. राजाच्या ओठांवर शब्द आला होता. त्याने तो गिळला.

"मोठी बाहुली नंतर घेऊ," ती म्हणाली, आणि तिने मूठ मिटली.

मुठीच्या फटीतून दोन हिरवे मोड बाहेर आले. दगड मानेवरून उतरला, कमरेवरून उतरला, पावलांतून जमिनीत जिरला. साळुंकीने पेटी सोडली आणि ती उडून गेली.

त्या दिवसापासून राज्यातली रीत बदलली. लेकरू राजाचं असो वा भाजीवालीचं, नऊ वर्षांचं झालं की त्याच्या हातात एक मोहोर येते आणि जवळ एक मोठं माणूस बसतं. राजा आता पेटीत थोडं थोडं साठवतो आणि तिचा तळ रोज बघतो. राज्य नीट चाललं आहे.

मेखला त्या मोहोरेच्या झाडाला पाणी घालते. झाड तिच्या खांद्याला लागलं तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुमचं कुठंय?"

"लावायचं राहून गेलं, बाळा," राजा म्हणाला, आणि तिच्यासाठी दुसरी घागर भरायला विहिरीकडे वळला.