झाकल्या मुठीतली माती

तुम्ही पाहिले होते. धूळ होती, गर्दी होती, ऊन डोळ्यांवर येत होते, ही कारणे आता नकोत. तुम्ही पाहिले होते, आणि तरी तुम्ही टाळ्या वाजवल्या.

'तुम्ही' म्हणजे कोण, ते सांगणाऱ्याने सांगू नये. गोष्ट ऐकताना ज्याची मान खाली जाईल, त्याने ओळखावे.

गोष्ट जुनी आहे, इतकी की त्यातल्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन राज्ये होती. एकाची माती तांबडी, दुसऱ्याची काळी. डोंगरमाथ्याच्या पठारावर एक कुरण होते आणि त्या कुरणासाठी दोन्हीकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडली होती. मेलेले उचलायला खांदे अपुरे पडू लागले, तेव्हा दोन्हीकडचे वृद्ध एकत्र बसले.

त्यांनी ठरवले, दरवर्षी एक कुस्ती. जो जिंकेल त्याच्या राज्याची गुरे वर्षभर कुरणात चरतील. हरेल त्याने घरी जाऊन मेहनत करावी.

कुरणाच्या मधोमध आखाडा खणला. त्यात एक पाटी तांबडी माती पडली, एक पाटी काळी. ताक, तेल, हळद घालून ती अशी मळली की पुन्हा वेगळी करता येऊ नये. पंच एका वर्षी यांचा, एका वर्षी त्यांचा. कुस्तीआधी दोन्ही मल्लांच्या पाठी ओल्या फडक्याने पुसून लोकांना दाखवत. कुस्तीनंतर पंच हरलेल्या मल्लाला लोकांकडे पाठ करून उभा करी. दोन्ही खांद्यांवरची माती, हाच निकाल.

काळ्यांच्या पंचाने काळेच हरले म्हणून सांगितले, तांबड्यांच्या पंचाने तांबडे, असे कितीदा घडले. हरलेले शिव्या देत घरी जात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत. माणसे म्हातारी होऊन मरू लागली.

मग तांबड्या राज्यात नवा राजा आला. त्याचे देशावर प्रेम होते आणि आरशावरही. दोन्हींत तो एकच गोष्ट पाहत असे.

"आपण हरत नसतो," तो म्हणे. लोकांना ते आवडले. घरोघरी ते म्हटले जाऊ लागले.

त्या वर्षी पंच होता तांबड्यांचा म्हातारा वस्ताद. तांबड्यांचा मल्ल त्याचाच पठ्ठ्या. चालायला लागल्यापासून तो वस्तादाच्याच तालमीत वाढला होता. हलगी कडाडू लागली. मल्लांनी हात मिळवले. एका अंगाने तांबडे ओरडत होते, दुसऱ्या अंगाने काळे.

"अरे काळ्या, म्हशीची शेपटी धर आणि घरी जा!"

"जातो की, पण म्हैस तुमच्या कुरणातून नेतो!"

तेव्हा अजून लोक हसत होते.

कुस्ती लांबली. ऊन तापले. काळ्यांचा मल्ल एकाएकी वाकला, त्याने तांबड्याचा हात खांद्यावरून ओढला, आणि धोबी कपडा आपटतो तसा त्याला आपटला. धूळ उठली. धूळ बसली तेव्हा दोघे उभे होते. मधला क्षण फार लहान होता. पण पठारावरच्या प्रत्येकाने तो पाहिला होता.

वस्ताद आपल्या पठ्ठ्याला फिरवायला पुढे झाला. त्याआधी राजा उतरला. त्याने खरोखर नीट पाहिले नव्हते, कारण हरण्याची शक्यता त्याने मनातच आणली नव्हती. तो आखाड्यात आला आणि त्याने आपल्या मल्लाची पाठ थोपटली.

"शाबास, वाघा!"

हाताला ओले, खरखरीत काही लागले. राजाने तळवा पाहिला. तळव्यावर घाम होता आणि घामात कालवलेली तांबडी-काळी माती.

सारे पठार त्याच्या हाताकडे पाहत होते.

प्रधान कानाशी लागला. "महाराज, झाकली मूठ सव्वा लाखाची."

राजाने मूठ मिटली आणि ती उंच आकाशात नेली.

तांबड्यांच्या बाजूने असा जल्लोष उठला की हलगीही ऐकू येईना. सेवकांनी धावत येऊन मल्लाच्या पाठीवर भरजरी शेला पांघरला. काळ्यांचे लोक उठून उभे राहिले.

"वस्ताद," राजा म्हणाला, "निकाल सांगा."

"निकाल माझ्याकडे नाही," वस्ताद म्हणाला. "तुमच्याकडे आहे. मूठ उघडा, महाराज."

"तुमच्या डोळ्यांचं वय झालं."

"झालं असेल. मातीचं होत नाही."

मग तो आपल्या पठ्ठ्याकडे वळला. "तू बोल, पोरा. तुझी पाठ आहे."

मल्लाने लोकांकडे पाहिले. ज्यांनी त्याला दूध पाजले, बदाम खाऊ घातले, खांद्यावर मिरवले, त्या सगळ्यांच्या मुठी वर होत्या. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. वस्तादाने फेटा उतरवला, आखाड्याच्या काठावर ठेवला आणि तो एकटा डोंगर उतरून गेला.

त्याच दिवशी त्याच्या दाराला राजाच्या शिपायांनी बाहेरून कडी घातली. ती कधी काढायची, हे हुकमात नव्हते. आतून काही दिवस आवाज येत होता. शेजाऱ्यांना त्याची सवय झाली. मग आवाज नसण्याचीही झाली.

उगारलेली मूठ आता राज्याची खूण झाली. बाजारात भेटले की लोक मूठ दाखवत. मुलांना अक्षरांआधी ती शिकवली जाई. जो हात उघडा ठेवून रामराम करी, त्याच्याकडे चार डोळे रोखून पाहत. मुठीत काय होते, हे कुणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊक होते ना.

कुरणाच्या वेशीवर मात्र काळ्यांची गुरे येऊन थांबली होती, आणि त्यांना अडवायला तांबड्यांचे भाले. काळ्यांच्या दरबारातही युद्धाची वाट पाहणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या मल्लाने एक संधी मागून घेतली. तो हातात काही न घेता वेशीवर आला आणि त्याने निरोप धाडला: तुमच्या मल्लाने इथे येऊन एकदाच म्हणावे की पाठ लागली नाही. आम्ही त्याचा शब्द मानू, गुरे वळवू, वर्षभर तोंड दाखवणार नाही.

राजा खूष झाला. एवढेच ना?

त्याने मल्लाला बोलावले. "उद्या तीन शब्द बोलायचे. देश मोठा की तुझी पाठ मोठी?"

"देश मोठा, महाराज," मल्ल म्हणाला. "म्हणूनच तो माझ्या पाठीमागे लपवू नका."

राजाने हे बोलणे हसण्यावारी नेले. पैलवानाच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतो?

दुसऱ्या दिवशी वेशीवर दोन्ही राज्यांची गर्दी झाली. दोन मल्ल समोरासमोर आले. तांबड्याच्या पाठीवर अजून तो शेला होता. तो अंगावरून काढायची त्याला परवानगी नव्हती.

"कसा आहेस, गड्या?" काळ्यांच्या मल्लाने विचारले.

"झोप नाही."

"मग सांग. तू म्हणशील ते खरं."

तांबड्यांच्या मल्लाने शेला काढला, घडी केली आणि खाली ठेवला. मग तो वळला आणि ज्यांच्या मुठी उगारलेल्या होत्या, त्या आपल्याच लोकांकडे तोंड करून उभा राहिला.

"लागली होती," तो म्हणाला. "दोन्ही खांदे. डाव सुरेख बसला होता. वस्ताद खरं बोलत होते, आणि मी गप्प बसलो."

क्षणभर इतकी शांतता झाली, की लोक घरी परततील असे वाटले. आपण एवढ्या लहान गोष्टीसाठी हे काय करत होतो, असे म्हणून खरेच परततील असे.

मागून कुणीतरी म्हणाले, "फितूर."

शब्द लहान होता, पण तो सापडल्याने सगळ्यांची सुटका झाली. उगारलेल्या मुठी पहिल्यांदाच उघडल्या, त्या दगड उचलण्यासाठी.

काळ्यांचा मल्ल त्याला ओढून घ्यायला धावला. पहिला भाला त्या धावणाऱ्यालाच लागला. दुसऱ्या भाल्यापासून पुढचे कुणी मोजले नाहीत. काळ्यांच्या दरबारात ज्यांना युद्ध हवे होते, त्यांना ते मिळाले. तांबड्यांच्या राजालाही दुसरा मार्ग उरला नव्हता. जी मूठ सगळ्या देशाने डोक्यावर घेतली, ती आता उघडायची कशी, हे त्याला उमगत नव्हते.

पावसापर्यंत लढाई चालली. कुरण पेटवले गेले. आखाडा बुजवावा लागला नाही, तो आपोआप भरला. कोण जिंकले, याबद्दल दोन्ही राज्यांत वेगवेगळी गाणी आहेत.

तांबड्यांचे मेलेले घरी आणले. कुणाला खांदा मिळाला नाही, कुणाला सरण मिळाले नाही. राजाचे प्रेत शेवटच्या गाडीत सापडले. उजवा हात मिटलेला होता आणि तो काही केल्या उघडेना, म्हणून तसाच राहू दिला.

गावात प्रेते धुणारी एक म्हातारी होती. कुस्तीच्या दिवशी तीही पठारावर होती, तिनेही मूठ उगारली होती. ती एकेकाला कुशीवर वळवत होती. राजा असो, शिपाई असो, गुराखी असो, सगळे उताणे पडले होते, आणि सगळ्यांच्या दोन्ही खांद्यांना तीच माती लागली होती, अर्धी तांबडी, अर्धी काळी.

खोट्या विजयावर जो देश अभिमान उभा करतो, त्याला खरा पराभव प्रत्येक घरात मोजावा लागतो. हा या गोष्टीचा बोध. म्हातारीला तो कुणी सांगितला नव्हता. तिने घागर रिकामी केली, पुढच्या प्रेताकडे पाहिले आणि सुनेला म्हणाली:

"तेव्हा एका पाठीची माती कबूल केली असती, तर आज एवढ्या पाठी धुवाव्या लागल्या नसत्या. जा, पाणी आण."