खेकडीचा डोह

एक होती खेकडी. इटुकली. तिचा होता एक डोह. एवढासा, ओढ्याच्या वळणावर.

एकदा काय झालं, डोह आटला. चिखल वाळला. दगड तापले.

खेकडी दगडाखाली बसली. डोळे मिटले. पाण्याची आठवण आली. डुब डुब बोलायचं पाणी! आता कुणीच बोलेना.

मग ती निघाली. तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी.

भेटला ओढा.
“डोह आटला. ओढ्या ओढ्या, वाहत ये ना!”
ओढा म्हणाला, “झरा फुटेना. मी कसा वाहू?”

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. भेटला झरा.
“डोह आटला. ओढा वाहेना. झऱ्या झऱ्या, फूट ना!”
झरा म्हणाला, “जमिनीतलं सगळं पाणी मोटर ओढते. मोटर थांबेना. मी कसा फुटू?”

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. भेटली मोटर. घुर्रर्र, घुर्रर्र!
“डोह आटला. ओढा वाहेना. झरा फुटेना. मोटरबाई, थांब ना!”
मोटर म्हणाली, “हौसाकाकू बटण दाबेना. मी कशी थांबू?”

तुरुतुरु तिरकी, तुरुतुरु तिरकी. भेटली हौसाकाकू, शेताच्या बांधावर.
“डोह आटला. ओढा वाहेना. झरा फुटेना. मोटर थांबेना. काकू काकू, बटण दाब ना!”
काकू म्हणाली, “माझा ऊस पुरे म्हणेना. मी कशी दाबू?”

खेकडी दमली. पाय दुखले. तरी निघाली. तुरु... तुरु... तिरकी.

भेटला ऊस. उंच उंच. गट गट, गट गट पाणी पीत होता.
“डोह आटला. ओढा वाहेना. झरा फुटेना. मोटर थांबेना. काकू बटण दाबेना. उसा उसा, पुरे म्हण ना!”

ऊस वाकला. खेकडीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पाय पाण्यात बुडालेले!
“माझं पोट केव्हाच भरलंय. मला कुणी विचारलंच नाही! पुरे गं काकू, पुरे!”

“अगंबाई!” काकू म्हणाली.

काकूने बटण दाबलं. खट्!
मोटर थांबली. घुर्र... घुर्... घु...
झरा फुटला का? नाही. लगेच नाही.

खेकडी डोहात जाऊन बसली. एक दिवस वाट पाहिली. दोन दिवस वाट पाहिली. ये ना रे पाण्या, ये ना!

तिसऱ्या दिवशी झरा फुटला. बुड बुड!
ओढा वाहिला. झुळ झुळ!

गार पाणी आलं. खेकडीच्या पायांना लागलं. पोटाला लागलं. डोक्यावरून गेलं.

डोह भरला!

खेकडी पाण्यात, गोष्ट कानात.