पेंटरच्या बैलाचं नाव

एका गावात एक पेंटर होता. चित्रं काढणारा नव्हे हो, पाट्या रंगवणारा. दुकानांवर, गिरणीवर, गाड्यांच्या मागच्या फळ्यांवर, अगदी स्मशानाच्या कमानीवरसुद्धा त्याच्याच हातचं अक्षर. आणि अक्षर असं झ्याक, की ‘येथे थुंकू नये’ ही पाटी लोक थांबून कौतुकानं वाचत, आणि मग थुंकत.

त्याच्यात खोड एकच. काही वाकडं दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटायची. कुणाकडं जेवायला गेला तर आधी भिंतीवरच्या देवाची तसबीर सरळ करायचा, मग पाटावर बसायचा. बायकोचं कुंकू चुकून डावीकडं गेलं तर बोटानं मध्यावर आणायचा. ती म्हणायची, “माझ्या कपाळावर दुकानाचं नाव लिहिलं नाही, हेच नशीब.”

या पेंटरला एक लेक होती, धुरपी. दुधाचे दोन दात पडलेले, तिसरा हलत असलेला.

त्या गावात पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरायचा. हा लेकरांचा पोळा. खऱ्या बैलांच्या जागी खेळण्यातले बैल मिरवायचे. इतर गावांत लाकडाचे बैल विकत आणतात, पण या गावाची रीत निराळी. बैल लेकरानं स्वतः करायचा, आणि घरात जे पडलं असेल त्याचाच करायचा. फाटकी चप्पल चालेल, करवंटी चालेल, चिंध्या, काडेपेट्या, काहीही. मग तोरणाखाली उभं राहून बोजारा घ्यायचा. बोजारा म्हणजे ओंजळभर मुरमुरे आणि बुंदीचा लाडू. सगळ्यात भारी बैलाला नारळ.

पोळ्याच्या दुपारी धुरपी ओसरीवर बसून बैल करत होती. दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस, ते धड. खराट्याच्या काड्या, ते पाय. दोन चिंचा शिंगं म्हणून खोचल्या होत्या. डोळ्यांना बटणं, एक बापाच्या सदऱ्याचं आणि एक आईच्या पोलक्याचं, त्यामुळं बैल जरा संशयानंच बघायचा. पेंटर तिथून चालला होता, तो थबकला.

“हे काय गं?”

“बैल.”

“बैल? मला वाटलं, हौदात पडलेला उंदीर काढून ठेवला.”

“बैलच आहे. भिजलाय म्हणून बारीक दिसतो.”

“आण इकडं. शिंग जरासं सरळ करून देतो.”

आता हे ‘जरासं’ म्हणजे काय, ते ज्यानं न्हाव्याला ‘जरासे कमी कर’ सांगितलं आणि टोपी घालून घरी आला, त्यालाच कळेल. चिंच सरळ करायला गेला तर मोडली. म्हणून पेंटरनं लाकडाची दोन शिंगं तासली. ती जड झाली, मान पेलेना, म्हणून मानही लाकडाची केली. मानेला कणसाचं धड शोभेना. धड बदललं तर काड्यांचे पाय कसे टिकणार?

“बाबा, मी काय करू?” धुरपीनं विचारलं.

“तू रंगाचा डबा धर.”

तिनं धरला. थोड्या वेळानं म्हणाली, “बाबा, आता?”

“आता नुसती बघ. मध्ये हात घालू नको, डाग पडेल.”

धुरपीनं थोडा वेळ बघितलं. मग ती शेजारी सागरगोटे खेळायला गेली. ती कधी उठली, हे पेंटरला कळलंही नाही. अंगणात भिरकावलेलं कणीस तेवढ्यात शेळीनं खाल्लं, तेही त्याला कळलं नाही. बैल मात्र असा उतरला, की आता हंबरेल की मग. पांढराशुभ्र, शिंगांना सोनेरी बेगड, झुलीवर वेलबुट्टी.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली पोरांची झुंबड उडाली. कुणाचा बैल चपलेचा, कुणाचा दुधी भोपळ्याचा. एकाचा वांग्याचा होता, तो उन्हानं सुकून वाटेतच म्हातारा झाला होता. त्या सगळ्यांत धुरपीचा बैल म्हणजे लग्नात चुकून राजाच जेवायला आला म्हणा ना.

किराणा दुकानदारानं चष्मा वर केला. “पेंटर, हे पोरीच्या हातचं?”

खरं सांगायला काही लागत नव्हतं. हसून ‘नाही हो, माझीच हौस’ म्हणाला असता, तर गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्हीही कामाला लागला असता. पण चार माणसं बघत होती. बैल देखणा होता. पेंटर म्हणाला, “आपण तर हातसुद्धा लावला नाही. पोरीच्या अंगातच कला आहे.”

धुरपीनं मान वर करून बापाकडं बघितलं. नुसतं बघितलं. पेंटर तोरणाची पानं मोजायला लागला.

तेवढ्यात पुतळाआजी पुढं आली. गावातली सगळ्यात म्हातारी. बोजारा तिच्या हातून मिळायचा, आणि त्याआधी ती प्रत्येक पोराला एकच विचारायची, “बैलाचं नाव काय?” तिच्या आधी तिची सासूही हेच विचारायची. जो बैल करतो तो करता करताच नाव ठेवतो, त्याला सांगावं लागत नाही.

“हा चपल्या. पळताना फटफट वाजतो.”

“हा वांगेबुवा. याला आता दिसत नाही.”

आजी हसत, मुरमुरे देत धुरपीपाशी आली. “वा गं बाई! आणि याचं नाव काय?”

धुरपीनं बैलाकडं बघितलं, मग बापाकडं.

अख्ख्या गावाची नावं लिहिणारा माणूस, आणि आपल्याच बैलाला नाव द्यायचं विसरला! तो गर्दीतून मान उंच करून नुसते ओठ हलवायला लागला, “सर्जा... सर्जा...”

धुरपीनं डोळे बारीक करून बापाचे ओठ वाचले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “गजरा!”

जो हशा पिकला म्हणता! दुकानदाराचा चष्माच पडला. “गजरा! अरे, बैलाला शेवंतीची वेणी माळा कुणीतरी!”

धुरपीनं बैल खाली ठेवला. ती म्हणाली, “मला नाही माहीत याचं नाव. हा बाबांचा आहे. माझा शेळीनं खाल्ला.”

हशा एकदम थांबला. पेंटरला वाटलं, अजून थोडा वेळ हसले असते तर बरं झालं असतं.

आजी खाली वाकली. “तुझ्या त्याचं काय नाव होतं गं?”

“ढोल्या,” धुरपी लगेच म्हणाली. “बारीक होता ना, त्याला बरं वाटावं म्हणून ढोल्या. त्याचे दोन डोळे दोन घरचे होते. म्हणून त्याला वाट कळायची नाही. मला विचारून चालायचा.”

पेंटरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कणीस म्हणून आपण जे भिरकावलं, त्याला नाव होतं. त्याला वाट विचारायची सवय होती. आणि आपण त्याला उंदीर म्हणालो.

पण आजी सोडते होय? “बैल ज्यानं केला, बोजारा त्याचा. रीत म्हणजे रीत. या पेंटर, रांगेत या.”

मग काय! मिशीवाला पेंटर चपल्या आणि वांगेबुवाच्या मध्ये उभा राहिला, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पोरांच्या रांगेत. आजीनं त्याच्या ओंजळीत मुरमुरे घातले, वर लाडू ठेवला, गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, “गुणाचं माझं लेकरू. लाळ पूस हं.”

घरी जाताना वाट लांबली होती की काय कोण जाणे. “पेंटर, कितवीत आहेस?” “पेंटर, दात पडले का?” त्यानं बैल सदऱ्याखाली लपवला, तर शिंगं बाहेर. लाडू धुरपीपुढं केला, तर ती म्हणाली, “तुमचा आहे.” रागानं नाही, रीत म्हणून. रागानं म्हणाली असती तर त्याला सोसलं असतं.

दारात बायको उभी. तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. “हातपाय धुवा,” ती म्हणाली, “आणि अभ्यासाला बसा.”

संध्याकाळी धुरपी ओसरीवर काडेपेट्या आणि चिंध्या घेऊन बसली. पेंटर खांबाशी येऊन उभा राहिला.

“ढोल्याला परत करायचा?”

“ढोल्या गेला ना. हा दुसरा आहे.”

“मी...”

“तुम्ही नको.”

पाट्यांवर ‘प्रवेश बंद’ त्यानं किती वेळा लिहिलं असेल. आपल्याला ते असं लागेल, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.

“नुसता बसू का?” त्यानं विचारलं. आवाज इतका खाली, की तोच रांगेतला सगळ्यात लहान वाटला.

धुरपीनं विचार केला. “बसा. पण हात मांडीखाली.”

पेंटर हात मांडीखाली दाबून बसला. धुरपीनं एक पाय पुढं लावला, तीन मागं. पेंटरच्या बोटांना मुंग्या आल्या. तिनं शेपूट तोंडाच्या बाजूला चिकटवली. ‘जरासं’ हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला, तो त्यानं कडू काढ्यासारखा गिळला. मग धुरपीनं शेपूट काढली आणि आपली आपणच मागं लावली.

“बाबा, इथं बोट ठेवा. गाठ मारायची आहे.”

“कोणतं?”

“कोणतंही. एकच.”

त्यानं एकच बोट काढलं आणि दोऱ्यावर ठेवलं. धुरपीनं जीभ बाहेर काढून, जोर लावून गाठ मारली. वाकडी, घट्ट, आणि बापाच्या बोटासकट.

“झालं!” म्हणाली, आणि आईला बोलवायला पळाली.

पेंटर बैलाला बांधलेला तसाच बसून राहिला. बोट लाल झालं होतं. सोडवायला त्याला क्षणही लागला नसता. पण ती येईपर्यंत त्यानं गाठीला हात लावला नाही.

तात्पर्य: लेकराच्या कामात मागितली तेवढीच मदत करावी, बोट मागितलं तर बोट, आणि बाकी हात मांडीखाली. ही गोष्ट दुसऱ्याला पाठवायच्या आधी ज्यांच्या हाताला पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टचा गोंद अजून चिकटलाय, त्यांनी जरा हात धुऊन यावं.