तेलाचा वास येणारा नफा

बाबा रे, पैसा कोणाच्या हाती विश्वासाने द्यावा? गोड बोलणाऱ्याच्या, की वेळेवर देणाऱ्याच्या? घाईने उत्तर देऊ नकोस. आधी ऐक.

पूर्वी शूर्पारक बंदरात पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. त्यांचे नाव क्षेमंकर. त्याच बंदरात मकरक नावाचा एक गलबतवाला येऊन राहिला. तो म्हणे, "माझी गलबते सुवर्णभूमीला गेली आहेत. शंभर नाणी ठेवा, दर पौर्णिमेला दहा न्या." आणि खरोखर देई! मग काय, शेजाऱ्याचे पाहून शेजारी निघाला. क्षेमंकरांनीही हजार नाणी ठेवली. शहाणासुद्धा इथेच चुकतो, बरे का.

एक दिवस समा नावाची विधवा कोष्टीण त्यांच्याकडे आली. "शेठ, माझा माग विकत घ्या. सगळा पैसा मकरकाकडे ठेवते. वीस नाणी ठेवली होती, ही बघा काल दोन आली."

क्षेमंकरांनी नाणी हातात घेतली. ती चिकट होती, त्यांना तिळाच्या तेलाचा वास येत होता. चारच दिवसांपूर्वी नंदिय तेल्याने घाण्याचा बैल विकून मकरकाकडे ठेव ठेवली होती.

"समाताई, गलबते सुवर्णभूमीला, आणि नफ्याला वास आपल्या नंदियच्या घाण्याचा? माग विकू नकोस."

"तुमचे हजार आत गेले तेव्हा वास आला नाही! गरिबाची पाळी आली की पोटात दुखते," असे म्हणून ती गिऱ्हाईक शोधायला निघाली.

क्षेमंकर तडक मकरकाकडे गेले. "तुझे कोणते गलबत परत आले?"

मकरक हसला. त्याने थैली पुढे सरकवली. "हे तुमचे हजार, वर पाचशे. फक्त दोन पौर्णिमा गप्प बसा."

क्षेमंकरांनी थैलीकडे पाहिले. तिच्यात नंदियचा बैल होता, आणि उद्या समाचा मागही आला असता. थैली तिथेच ठेवून ते बाजारात गेले आणि सर्वांसमोर म्हणाले, "माझ्याकडे पाहून तुम्ही ठेवी ठेवल्या. मी न विचारता ठेवली, ती माझी चूक. मकरकाचे एकही गलबत नाही; तो एकाची ठेव दुसऱ्याला नफा म्हणून देतो."

राजपुरुषांनी मकरकाचे घर उघडले. ठेवीच्या शंभर नाण्यांमागे चाळीसच हाती आली. लोकांनी मकरकापेक्षा क्षेमंकरांनाच जास्त शिव्या दिल्या. त्यांनी आपला वाटा इतरांत वाटायला सांगितला, आणि पुढे दोन वर्षे स्वतःच्या पाठीवर पोती वाहिली. समा महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पण मकरकाचे घर उघडले त्याच्या दुसऱ्याच सकाळी कोष्ट्यांच्या आळीत तिच्या मागाचा आवाज सुरू झाला. तो ऐकून त्यांचे मन शांत झाले.

ही गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, संघाचे दान वाटण्याआधी आपले पात्र भरणारा हा भिक्षू तेव्हा मकरक होता. काल माझ्याशी भांडलेली ही उपासिका समा होती. क्षेमंकर मीच होतो. लाभ हाती आलेला असताना खरे बोलणे, ही सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."

तेव्हा बाबा, एवढेच मागणे: दुसऱ्याची ठेव नफा म्हणून लिहू नकोस. हिशेब खरा ठेव; आणि पैसाही खरा हिशेब ठेवणाऱ्याच्याच हाती दे.