गळ्यातला पेनड्राइव्ह

"सगळं काढलंस?" उस्तादांनी मान वर न करता विचारलं.

"काढलं, उस्ताद. चार्जर काढला, बॅटरी सोडवली, पॉवरचं बटण दाबून धरलं. तरी यूएसबीचे पोर्ट मेलेलेच."

"मेलेत?"

"मेलेत."

"मरताना तू बघितलंस?"

उस्तादांच्या अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे श्रीपालला ठाऊक होतं. पण आज त्याला उत्तर द्यायची घाई होती, कारण आज गुरुवार होता.

गुरुवारचं काय ते आधी सांगायला हवं.

मिरजेतल्या बंदेनवाज उस्तादांचे वडील सतारी करायचे, आजोबाही सतारीच करायचे. उस्तादांच्या हाती मात्र स्क्रूड्रायव्हर आला आणि त्या जागेत लॅपटॉप दुरुस्त होऊ लागले. छताला टांगलेले सतारीचे वाळके भोपळे तेवढे तसेच राहिले. कुणी गिऱ्हाइकानं त्यांच्याबद्दल विचारलं, तर उस्ताद म्हणत, "असू देत. त्यांना कुठं ड्रायव्हर लागतोय?"

घराण्याची एक रीत मात्र त्यांनी सोडली नव्हती. गुरूनं मनगटाला गंडा बांधल्याशिवाय शागिर्दानं गिऱ्हाइकाच्या हातातून वस्तू घ्यायची नाही. आधी वस्तू सतार असायची, आता लॅपटॉप. उस्ताद घेणार, उस्ताद शागिर्दापुढं ठेवणार. ज्याच्या मनगटाला लाल दोरा, त्यानंच ती थेट घ्यायची.

आणि उस्ताद म्हणाले होते, "या गुरुवारी एकाला बांधीन."

शागिर्द दोन. श्रीपाल आधीचा, शिवलीला नंतरची.

श्रीपालच्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण मग उस्ताद 'एकाला' असं का म्हणाले? नाव घेऊन का म्हणाले नाहीत? या एका शब्दानं त्याची झोप उडवली होती.

खरं सांगायचं तर, तो शिवलीलाला पाण्यात पाहत होता. ती सलगऱ्याहून एसटीनं यायची, टेबल पुसायची, कमी बोलायची आणि हातात आलेलं मशीन चालू करून द्यायची. भांडावं असं ती काहीच करत नव्हती. तेच त्याला जास्त सलायचं. उस्ताद तिला "शाबास" म्हणाले की श्रीपालच्या तोंडचा चहा कडू व्हायचा. गिऱ्हाईक तिच्या टेबलापाशी जरा जास्त रेंगाळलं की याच्या हातून स्क्रू पडायचा. आणि पडलेला स्क्रू तीच उचलून द्यायची.

आज सकाळी पुजारी बाई लॅपटॉप घेऊन आल्या. बाई गाण्याचे वर्ग घेतात. मुलींची गाणी लॅपटॉपमध्ये भरलेली, ती संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्हमध्ये घेऊन परीक्षेला पाठवायची होती. आणि लॅपटॉपच्या एकाही पोर्टला काहीही लावलं तरी ढिम्म.

"कधीपासून?" उस्तादांनी विचारलं.

"बाजारातनं तो छोटा पंखा आणला हो, यूएसबीवर चालणारा. तो लावला आणि तेव्हापासून."

उस्तादांनी लॅपटॉप घेतला. श्रीपालकडे पाहिलं. शिवलीलाकडे पाहिलं. मग तो श्रीपालच्या टेबलावर ठेवला.

श्रीपालची छाती फुगली. त्यानं शिवलीलाला ऐकू जाईल अशा आवाजात बाईंना समजावलं, "पंख्यात शॉर्ट असणार, बाई. खराब वस्तू आत आली की मशीन आपणहून दार लावून घेतं. पोर्ट जळत नाहीत, स्वतःला वाचवतात. आतला उरलासुरला करंट काढून टाकला की पुन्हा उघडतात."

उत्तम सांगितलं. उस्तादांनीही यापेक्षा वेगळं सांगितलं नसतं.

मग त्यानं रीतीप्रमाणे हातातली अंगठी काढली, घड्याळ काढलं. दुकानाचा नियमच तसा होता, मशीनला हात लावायच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढून ठेवायचं. गळ्यातला पेनड्राइव्ह तेवढा त्यानं काढला नाही. तो उस्तादांनी दिलेला होता. श्रीपाल दुकानात आला त्या दिवशी उस्तादांनी तो त्याच्या हातावर ठेवला होता, "यानं तपासत जा," एवढंच म्हणून. मागाहून काळ्या दोऱ्यात ओवून त्यानं तो गळ्यात घातला होता, ताइतासारखा, आणि शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं होतं. ज्यांना दिसायला हवा त्यांना दिसावा म्हणून.

बॅटरी सोडवली. बटण दाबून धरलं. जोडलं, सुरू केलं आणि पेनड्राइव्ह लावला.

काही नाही.

दुसऱ्या पोर्टला लावला. काही नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात कसलीशी सूचना उगवली. ती वाचायच्या वेळी श्रीपाल शिवलीलाच्या टेबलाकडे बघत होता. तिच्याकडचा प्रिंटर सुरू झाला होता आणि उस्ताद तिकडे बघून मान हलवत होते. त्यानं सूचना न वाचताच घालवली.

पुन्हा सगळं सोडवलं. ड्रायव्हर काढून नवे टाकले. पोर्टमधली धूळ ब्रशनं झाडली. पुन्हा बटण दाबून धरलं. पुन्हा पेनड्राइव्ह.

काही नाही.

"दादा," शिवलीला हळूच म्हणाली, "माझा माऊस लावून बघ की एकदा."

"का? माझं हत्यार मोडलंय व्हय?"

"तसं नव्हं..."

"तुझं तू बघ."

तिनं माऊस पुढं केला होता, तो मागं घेतला. दुपार झाली. पुजारी बाई दोनदा डोकावून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या श्रीपालला न विचारता शिवलीलाला विचारून गेल्या, "होईल ना गं?"

हे मात्र मिरचीसारखं झोंबलं. तो लॅपटॉप उचलून उस्तादांसमोर जाऊन उभा राहिला, आणि पोर्ट मेले असं सांगून मोकळा झाला.

तिथपर्यंत आपण आलो होतो.

"कशानं तपासलंस?" उस्तादांनी विचारलं.

"पेनड्राइव्हनं."

"कुठल्या?"

श्रीपालनं गळ्याला हात लावला. "तुम्ही दिलेल्या."

उस्तादांनी तळवा पुढं केला.

श्रीपालला तो काढवेना. शिवलीला बघत होती. शेवटी त्यानं दोरा डोक्यावरून काढला. मानेभोवती दोऱ्याचा काळपट वळ उमटला होता.

उस्तादांनी पेनड्राइव्ह आधी नाकाशी नेला. मग भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला. मग भिंग श्रीपालकडे सरकवलं.

श्रीपालनं पाहिलं. पेनड्राइव्हच्या पितळी दातांवर हिरवट बुरा चढला होता. घामाचा. दोन दातांच्या मधली फट त्या बुऱ्यानं पार भरून गेली होती.

"हे..." तो म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याला येत होतं. सकाळी त्यानंच बाईंना सांगितलं होतं, खराब वस्तू आत आली की मशीन दार लावून घेतं.

"किती वेळा बटण दाबून धरलंस?"

"बऱ्याचदा, उस्ताद."

"म्हणजे बऱ्याचदा बरं झालं होतं बिचारं." उस्तादांनी लॅपटॉपवरून हात फिरवला. "आणि तू बऱ्याचदा..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

"पण उस्ताद, हा चांगला होता! इतकी मशीनं मी यानंच तपासली!"

"तेव्हा कुठं असायचा?"

"ड्रॉवरमध्ये. डबीत."

"गळ्यात कधीपासून?"

"...श्रावणापासून."

"शिवलीला कधी आली?"

छताखाली भोपळे जरासे हलत होते. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"श्रावणात," श्रीपाल म्हणाला.

उस्तादांनी पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला. दोरा तेवढा श्रीपालच्या हातात परत दिला.

"आता तिचा माऊस घेऊन ये."

"उस्ताद, तुम्ही हाक मारा ना. ती आणून देईल."

"देईल. पण तू मागून आण."

दोन टेबलांमध्ये अंतर ते केवढं! पण श्रीपालला ते चालायला फार वेळ लागला. तो शिवलीलासमोर उभा राहिला. ती त्याला सोपं करून द्यायला बोलली नाही. बरं केलं.

"माऊस..." तो म्हणाला. "तुझा माऊस देतीस का?"

"घे की, दादा." तिनं वायर गुंडाळून दिली. "वायर तेवढी जपून. आत जरा तुटालीय."

तो परत आला. उस्तादांनी स्वतः बॅटरी सोडवली. मग श्रीपालचं बोट धरून पॉवरच्या बटणावर ठेवलं.

"दाब."

त्यानं दाबलं. थोड्या वेळानं सोडायला लागला.

"राहू दे. चार्जर काढला, बॅटरी काढली, म्हणजे झालं असं वाटतं. पण आत थोडं उरतंच. ते जाईपर्यंत बोट काढायचं नाही."

"हे मला ठाऊक आहे, उस्ताद."

"हो. सकाळी सांगत होतास, ऐकलं मी."

श्रीपालनं बोट तसंच धरून ठेवलं.

मग लॅपटॉप सुरू झाला. श्रीपालनं माऊस लावला. माऊसच्या पोटाखाली लाल दिवा लागला आणि टेबलावर त्याचा उजेड पडला. दुसऱ्या पोर्टला लावला, तिथंही लागला.

त्याला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण दिवा लागला होता तो शिवलीलाच्या माऊसचा, हे काही त्याच्या मनातून जाईना.

पुजारी बाई आल्या तेव्हा गाणी नव्या पेनड्राइव्हमध्ये उतरत होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या शिवलीलाच्या टेबलापाशी जाऊन तिच्याशी बोलत बसल्या.

संध्याकाळ झाली. उस्तादांनी ऊद लावला. लाकडी पेटीतून लाल दोरा काढला आणि डाव्या हाताला गुंडाळून घेतला.

श्रीपाल समोर येऊन बसला. काळा दोरा त्यानं उस्तादांच्या पायाशी ठेवला.

"उस्ताद, चुकलो."

"हं."

"मी जळत होतो. ती आल्यापासून. तुम्ही तिला शाबास म्हणालात की मला आतून कुणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं. तुम्ही पहिल्यांदा मला दिलं होतं, ते तिला दिसावं म्हणून गळ्यात घालत होतो. आता काढलं. सगळं काढलं, उस्ताद. मनातलंसुद्धा."

तो खरं बोलत होता. निदान बोलताना तरी त्याला ते पुरतं खरं वाटत होतं. डोळे भरून आले होते.

त्यानं उजवा हात पुढं केला, मनगट वर करून.

उस्तादांनी ते मनगट हातात घेतलं. दोरा बांधला नाही. नाडीवर अंगठा ठेवला, दाबला आणि डोळे मिटून तसाच धरून ठेवला.

श्रीपाल वाट बघत राहिला...

नाडी संथ चालली होती. उदाचा धूर भोपळ्यांपर्यंत पोचला.

तेवढ्यात पलीकडून पुजारी बाईंचा आवाज आला, "काही म्हणा उस्ताद, या पोरीच्या हाताला गुण आहे हो! हिचा माऊस लावला आणि मशीन बोलायला लागलं."

श्रीपाल हलला नाही. चेहऱ्यावरची रेषही त्यानं बदलू दिली नाही. बाईंकडे बघून तो चक्क हसला.

उस्तादांनी डोळे उघडले नाहीत आणि अंगठाही काढला नाही.

"बांधता ना, उस्ताद?" श्रीपालनं हळूच विचारलं.

"थांब," उस्ताद म्हणाले, "अजून आहे थोडं."